चार नंबरचं टेबल

पोरीच्या नोकरीचं साहेबांच्या कानावर घालून ठेवावं, एवढंच मी ठरवलं होतं. कानावर घातलेली गोष्ट डोक्यात शिरेपर्यंत वाटेत काय रूप घेईल, याचा विचार मी केला नाही. (विचार करता आला असता तर मी हेडक्लार्क कशाला झालो असतो?)

आमची कन्या युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते. तिनं हा विषय घेतला तेव्हा मी चांगला थयथयाट केला होता.

"गणित शिकून माणूस मास्तर होतो, हे मला ठाऊक आहे. संख्याशास्त्र शिकून काय होतो?"

"बाबा, विमा कंपन्या, हवामान खातं, औषधांच्या चाचण्या, कारखाने... सगळीकडे आमची माणसं लागतात."

"पण करता काय तुम्ही?"

"आकड्यांवरून अंदाज बांधतो."

"अंदाज बांधायला दोन वर्षं? तुझी आई नुसतं माझं तोंड बघून बांधते!"

"आणि माझा कधी चुकत नाही," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

आता तिचं शेवटचं सत्र चाललं होतं. ढीगभर अर्ज धाडले, उत्तर एकाचंही नाही. पोरगी जेवताना ताटाकडे न बघता फोनकडे बघायची. म्हणून एक दिवस मी धीर केला. आमचा साबणाचा कारखाना आहे (आमचा म्हणजे मी तिथे बेरजा करतो). साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि म्हणालो, "साहेब, आमची मुलगी संख्याशास्त्र शिकतेय. काही असलं तर बघा."

साहेब ताडकन उठले. "काय सांगता! घरात एवढं ज्ञान आणि इतके दिवस बोलला नाहीत? रविवारी मीच येतो तुमच्याकडे."

मुलाखत घ्यायला साहेब घरी येणार! मी हवेतच गेलो. बायकोनं पडदे धुतले, मी सोफ्याची मोडकी बाजू भिंतीकडे फिरवली. साहेब आले, नेमके त्याच बाजूला बसले, भिंतीकडे कलंडले आणि तसेच तिरके म्हणाले, "माझी जन्मतारीख तेरा."

कन्या गोंधळली. "सर, एका आकड्यावरून काही सांगता येत नाही. निदान तीस तरी हवेत."

"तीस जन्मतारखा? अगं, मी एकदाच जन्मलो!" मग त्यांनी हात पुढे केला. "बरं, ही अंगठी कुठल्या बोटात घालू?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेब संख्याशास्त्राला अंकशास्त्र समजून बसले होते! मुलीनं तोंड उघडलं, मी जोरात खोकलो, आणि बायकोनं प्रसंग सावरला. "अंगठ्यांचा पेपर तिनं ऑप्शनला टाकलाय हो."

"सर," कन्या आईकडे डोळे वटारत म्हणाली, "मी भविष्य सांगत नाही."

"खरे ज्ञानी असंच म्हणतात," साहेब खूश झाले. "हे बघ, आमचा माल कधी वेळेवर निघत नाही. ट्रक दारात ताटकळतात. मला कुठल्या तारखा वाईट आहेत तेवढं सांग."

"उशीर झाला त्या तारखा द्या. झाला नाही त्याही द्या. आणि कागद कुठून कुठे जातात ते सगळं."

"बघा! आधीच्या ज्योतिष्यानं चांगल्या तारखा कधी विचारल्याच नाहीत."

साहेब गेल्यावर कन्या माझ्यावर उखडली. "त्यांना खरं काय ते सांगा, बाबा!"

"नोकरी लागली की सांगतो."

काही दिवसांनी ती केबिनमध्ये उभी होती. मी दाराशी. (आत बोलावलं नव्हतं, पण बाप आहे.)

"सर, तारखांचा काही संबंध नाही. सगळ्या तारखा सारख्याच आहेत."

साहेबांचा चेहरा पडला.

"कागद चार नंबरच्या टेबलावर अडकतात. ते टेबल ज्या दिवशी रिकामं असतं, त्या दिवशी माल वेळेवर जातो."

चार नंबरचं टेबल माझं. कॉम्प्युटरनं केलेली प्रत्येक बेरीज मी हातानं पुन्हा करतो, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर. यंत्रावर विश्वास ठेवावा, पण ताळा करून. आता पोरीला नोकरी आणि मला नारळ, असं म्हणत मी डोळे मिटले.

साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "चार! मला चार आकडा पहिल्यापासून खुपतोय! पेंटरला बोलवा!"

टेबल नंबर सात झालं. कन्येची नोकरी त्याच दिवशी पक्की झाली; परीक्षा संपली की रुजू व्हायचं. मला तर नाचावंसं वाटलं.

पण ट्रक ताटकळतच राहिले. (आनंदाच्या भरात मी बेरजा तिसऱ्यांदाही तपासू लागलो होतो.) शेवटी साहेबांनी मला बोलावलं. "तुमच्या मुलीचं शास्त्र अचूक आहे हो. आकडा बदलून भागत नाही. टेबल रिकामं तो दिवस शुभ. मोठी ऑर्डर आलीय, तुम्ही भरपगारी रजेवर जा."

मी छाती फुगवून घरी आलो. "साहेबांनी आपणहून रजा दिली मला! आजपासून माझं टेबल रिकामं!"

कन्या माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा... ते चार नंबरचं टेबल तुमचं होतं?" आधी ती लाजेनं लाल झाली, मग पोट धरून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

बायको मात्र हसली नाही. "म्हणजे हे आता दिवसभर घरात? अगं बाई! हे घरात असले की माझं एक काम वेळेवर होत नाही."

मी मोठ्या आशेनं लेकीकडे वळलो. "सांग तिला, एखाद्या दिवसावरून असं काही म्हणता येत नाही."

"खरंय, आई. निदान तीस दिवसांची माहिती तरी हवी."

"माझ्याकडे," बायको म्हणाली, "सव्वीस वर्षांची आहे."