ज्याचं कापड, त्यानं पुसायचं

सौरकाकांनी एखादं काम मनावर घेतलं की ते झालंच समजा. हे त्यांचंच म्हणणं, आणि खरं सांगायचं तर त्यात फारशी बढाई नव्हती. गाडी लावायच्या जागेवरूनही ज्यांचं कधी पटलं नाही, अशा गल्लीतल्या तीन इमारतींना त्यांनी एकत्र बांधलं होतं. दारोदार चहा पिऊन पिऊन पित्त झालं, पण गडी हटला नाही! आता सूर्यापासून वीज करणारे पॅनेल काकांच्या गच्चीवर, खटक्यांची पेटी मधल्या इमारतीच्या सभागृहात आणि पॅनेलच्या देखभालीचं काम तिसऱ्या इमारतीकडे. तिन्हींचे पंप, जिन्यातले दिवे आणि सभागृहातले पंखे दिवसा उन्हावर चालणार होते.

घोडं अडलं होतं चौथ्या इमारतीपाशी. तिची गच्ची सगळ्यांत मोठी. ती मिळाली तर अख्ख्या गल्लीला वीज पुरली असती, नाही मिळाली तर साखळी तिथेच तुटली असती. पण तिथलं पान निवृत्त नर्सबाईंशिवाय हलत नसे, आणि नर्सबाई स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावरच विश्वास ठेवत नसत. चालवून दाखवा, मग बोलू, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. काकांनी छाती फुगवून रविवारची दुपार ठरवली.

शनिवारी तालीम झाली. पंप गुणी बाळासारखा चालला. संध्याकाळी काकांच्या मनात आलं, एवढं मोठं काम झालं, ते कुणी केलं हे रस्त्यावरून दिसायला नको का? त्यांनी शिंप्याला आणि रंगाऱ्याला गाठून एक भलामोठा फलक करून घेतला. पर्यावरणाचा प्रश्न, म्हणून प्लॅस्टिक नाही, शुद्ध सुती कापड. वर लिहिलं होतं 'आमचं ऊन, आमची वीज', आणि खाली एका कोपऱ्यात सूर्य, बाकी मिशीसकट काका.

"अहो, यात सूर्यापेक्षा तुम्हीच मोठे दिसताय," काकू म्हणाल्या.

काकांना ते कौतुक वाटलं. चौथ्या इमारतीतूनही नीट दिसावा म्हणून त्यांनी फलक आपल्या गच्चीवर आणखी उंच बांबूंवर चढवला. मग कुणी कपडे वाळत घालू नयेत म्हणून गच्चीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

रविवारी सभागृह गच्च भरलं. नर्सबाई पहिल्या रांगेत. काकांनी सगळ्यांदेखत वीज कंपनीचा खटका खाली ओढला आणि उन्हाचा वर केला. पंखे गरगरले, टाळ्या पडल्या. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं, पण काकांनी भाषण काढलं. भाषण लांबत गेलं, बाहेर सूर्य सरकत गेला, आणि काका 'मी'वर येईपर्यंत पंखे मंदावले. पंपाने खोकल्यासारखा आवाज काढून मान टाकली.

वायरमनने पेटी तपासली. खाली सगळं ठीक आहे, वरूनच वीज येत नाही, असं त्याचं निदान. झालं! मधल्या इमारतीने तिसरीला सुनावलं की तुम्ही पॅनेल पुसलेच नसतील. तिसरीने उलट विचारलं की तुम्ही गुपचूप गिझर तर जोडला नाहीत ना. एवढ्या चहांनी बांधलेली साखळी काकांच्या डोळ्यांदेखत सुटायला लागली, आणि नर्सबाईंनी पर्स उचलली.

"थांबा," ते गरजले. "कुणीतरी पॅनेलवर चादर टाकलीय. ज्याचं कापड असेल, त्यानं वर्षभर रोज सकाळी पॅनेल पुसायचे. मग तो कुणी का असेना!"

किल्ली तुमच्याच खिशात आहे, असं काकू हळूच सांगत होत्या, पण काका ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. सगळ्यांनी माना डोलावल्या. नर्सबाईंनी तर साक्षीदार व्हायची तयारी दाखवली.

वरात गच्चीवर पोचली. कुलूप उघडलं. थंडीचे दिवस, भरदुपारीही सूर्य खालून चाललेला, आणि तो नेमका फलकाच्या मागे येऊन उभा! या टोकापासून त्या टोकापर्यंत, झाडून सगळ्या पॅनेलवर गडद सावली पसरली होती.

"चादर नाही हो," काकू म्हणाल्या. "तुम्ही आहात."

काकांना जमीन दुभंगावी असं वाटलं. पण तेवढ्यात काय पाहतात, तर पाच मिनिटांपूर्वी भांडणारी माणसं कामाला लागलेली. मधल्या इमारतीने शिडी धरली, तिसरी गाठी सोडायला वर चढली. फलक खाली आला, आणि तळमजल्यावरून कुणीतरी ओरडलं की पंप सुरू झाला. काकांना लाज वाटत होती, पण ऊर भरून आला होता. त्यांनी न सांगता, त्यांच्याशिवाय ही माणसं एकत्र राबत होती.

नर्सबाईंनी चष्मा पुसला. "आमची गच्ची घ्या," त्या म्हणाल्या. "फक्त फलक लावायचा नाही."

आज चारही इमारती उन्हावर चालतात, आणि पाचवीचा निरोप आला आहे. काका रोज सकाळी पॅनेल पुसतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला साखळीची सगळी हकिकत ऐकवतात. सुती कापड पुसायला फार छान, म्हणून काकूंनी फलकाचे तुकडे करून ठेवलेत. या आठवड्यात मिशीचा तुकडा चालू आहे. त्याने जरा जास्तच लख्ख होतं, असं काकांचं म्हणणं आहे.