पाच स्टुलांवरची बोलणी

रुचिता आणि चैतन्यने पहिल्यांदा भेटायचं ठरलं ते गुडगावच्या एका जपानी म्हाताऱ्याच्या बर्गरच्या दुकानात. चैतन्य तिथल्या मोटारीचे भाग बनवणाऱ्या जपानी कंपनीत इंजिनिअर होता आणि दुपारी तिथेच जेवायचा. "घरी नको, उगाच पोहे-बिहे. बाहेर मोकळेपणाने बोलू," असं त्याने फोनवर सांगितलं होतं.

मोकळेपणाला तिथे जागाच नव्हती. दुकानात टेबल एकही नाही. एक लांब लाकडी फळी, तिच्यासमोर जमिनीत पक्के रोवलेले लाल स्टूल आणि पलीकडे तव्यापाशी पांढरी टोपी घातलेला मालक. रुचिताचे वडील श्यामकांत केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. त्यांनी दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगर या त्यांच्या सरकारी वसाहतीतल्या रीतीला शोभेल अशी मांडणी केली. एका टोकाला मुलगी, मग तिची आई चंद्रप्रभा, मग ते स्वतः, शेजारी चैतन्यचे वडील निवृत्त सुभेदार भालचंद्र, आणि दुसऱ्या टोकाला चैतन्य.

"चिकन? आलू?" मालकाने हिंदीत विचारलं. कागदात गुंडाळलेले वीतभर उंचीचे बर्गर आले आणि बोलणी सुरू झाली.

रुचिताला एकच गोष्ट विचारायची होती. सहा महिन्यांपूर्वी तिला गुडगावातच मनासारखी नोकरी लागली होती. ती आईला म्हणाली, "लग्नानंतर मी नोकरी चालू ठेवणार. चालेल ना, विचार."

चंद्रप्रभाबाईंचं तोंड बर्गरने भरलेलं होतं. "नोकई थेवायचीय," त्या म्हणाल्या. श्यामकांतांनी ते पुढे सरकवलं. सुभेदारांची नोकरी तोफखान्यात झालेली, त्यामुळे उजवा कान जवळजवळ बंद होता आणि श्यामकांत नेमके उजवीकडे बसले होते.

"मुलगी म्हणते, लग्नानंतर नोकर ठेवायचाय," सुभेदारांनी चैतन्यला सांगितलं.

"नोकर कशाला? मी स्वयंपाक करतो, कपडे धुतो."

"नोकर कशाला, म्हणतो!" सुभेदार गरजले.

श्यामकांतांनी ऐकलं ते 'नोकरी'. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी बायकोला सांगितलं, तिने मुलीला. रुचिताने बर्गर खाली ठेवला. "मग नाही जमायचं. सांगा त्यांना."

"ती म्हणते, मग नाही जमायचं," श्यामकांत कसंबसं म्हणाले.

सुभेदार उभेच राहिले. "अहो, अठ्ठावीस वर्षं मी स्वतःचे बूट स्वतः पॉलिश केले!"

"इथे बुटांचा काय संबंध?" श्यामकांतही उठले.

आवाज चढलेला पाहून म्हातारा मालक घाबरला. त्याला वाटलं, बर्गर बिघडला. कमरेत वाकून त्याने तीनदा माफी मागितली आणि पाचही जणांपुढे नवे बर्गर आणून ठेवले. आता रागाने निघून जाणंही अवघड झालं. सगळे मुकाट्याने खाली बसले.

बसली नाही ती रुचिता. सगळ्यांच्या पाठीमागून ती दुसऱ्या टोकाला गेली.

"माझ्या नोकरीची तुम्हाला काय अडचण आहे?"

"नोकरीची?" चैतन्यच्या हातातला घास तसाच राहिला. "मी तर नोकर नको म्हणालो!"

रुचिता इतकी हसली की तिला फळीचा आधार घ्यावा लागला. चैतन्य उठून तिच्याबरोबर बाहेरच्या कडुनिंबाखाली गेला. त्यांना हसताना पाहून मालकाने समाधानाने टोपी सारखी केली. दुसरी खेप चांगली जमली होती.

अर्ध्या तासाने दोघं परत आले.

"काय ठरलं?" चंद्रप्रभाबाईंनी विचारलं.

"ठरलं असं काही नाही. पुढच्या रविवारी पुन्हा भेटतोय."

"अच्छा! मग आम्ही पण—"

"दोघंच, आई."

श्यामकांतांनी घसा खाकरला. मुलामुलीने एकटं भेटण्याबद्दल त्यांच्याकडे निदान चार मुद्दे तयार होते. तेवढ्यात सुभेदारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"श्यामकांतराव, बर्गरने काही पोट भरलं नाही यार. रविवारी तुम्ही दोघं आमच्याकडे कँटोन्मेंटला या. मटण-भाकरी करतो."

श्यामकांतांनी मुलीकडे पाहिलं, मग सुभेदारांकडे.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.