बंद न होणारी अम्मची

कोट्टायमच्या त्या छोट्याशा कंपनीत कुर्यन सर पुन्नूस साहेबांना नवा प्रोग्रॅम दाखवत होते. साहेब विमा कंपनीचे. त्यांचे कारकून दिवसभर कॉम्प्युटरपुढे वाकून बसत, त्यांना अधूनमधून टोकणारं काहीतरी हवं होतं. प्रोग्रॅम लिहिला होता जिन्सीने. तात्पुरता म्हणून तिने त्यात आपल्या अम्मचीचा, म्हणजे आईचाच, आवाज भरला होता.

"मोळे, पाठ सरळ कर!" कॉम्प्युटर कडाडला.

"वा! 'मोळे' म्हणत पोटच्या मुलीला दटावावं तसं दटावतोय की!" साहेब खूश.

"आणि उघडतो किती पटकन, बघा!" कुर्यन सरांनी प्रोग्रॅम बंद केला, उघडला. बंद केला, उघडला. कौतुकाच्या भरात आणखी दोनदा. मग बंद करून ते कराराच्या गोष्टींकडे वळले.

"मोळे, पाठ सरळ कर!"

एकीचं वाक्य संपेपर्यंत दुसरी अम्मची सुरू. मग तिसरी.

"अहो, बंद केलात ना?" साहेब दचकले.

"केला की! जिन्सी, तुझ्या आईला गप्प कर!"

"सर, ते मला लहानपणापासून जमलेलं नाही."

पण घोटाळा तिच्या ध्यानात आला होता. "सर, बंद होते ती नुसती समोरची खिडकी. मागचा, आवाज द्यायची वेळ मोजणारा टायमर चालूच राहतो. तुम्ही दर वेळी उघडलंत, की नवा टायमर सुरू झाला."

"म्हणजे आत आता अम्मच्यांची गर्दी?"

"हो."

साहेब घड्याळ बघू लागले. करार हातचा जाणार, असं दिसत होतं. जिन्सीने जुने टायमर एकेक करून बंद केले आणि लिहायला बसली: प्रोग्रॅम बंद होताना आधी टायमर थांबवायचा, मगच बाहेर पडायचं. पुन्हा उघडला. अम्मची एकदा कडाडली. बंद केला.

सगळे श्वास रोखून बसले. शांतता. कुर्यन सरांनी धीर करून परत उघडला, बंद केला. तरी शांतता! सरांनी टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला.

"जिंकलीस, पोरी!" साहेब म्हणाले. "करार पक्का. पण आवाज हाच ठेवायचा. मघापासून मी ताठ बसलोय, कंबर दुखायची थांबली. आणखी वीसेक वाक्यं घ्या त्यांच्याकडून."

जिन्सीने लगेच घरी फोन लावून साहेबांची मागणी सांगितली.

"मी ओरडते?" अम्मची पलीकडून चकित झाली. "मी कधी कुणाला ओरडले गं?"

"थोडंसं, अम्मची. रेकॉर्ड करायला."

"असं हवेत नाही ओरडता येत. समोर माणूस लागतो." अम्मचीने लगेच तोडगाही काढला. "त्या साहेबांनाच घेऊन ये जेवायला."