निम्म्या किमतीच्या काठ्या

व्याह्यांनी विचारलं, "इवाई, गोल्फ खेळता का?" आणि शेषेराव म्हणाले, "हाव, थोडंफार."

बस्स, एवढंच झालं. "न्हाई" म्हणायला जेवढा श्वास लागतो तेवढाच "हाव" म्हणायला लागतो. पण पुरुषमाणसाला व्याह्यासमोर "न्हाई" म्हणताना जिभेला लकवा होतो, त्याला कोण काय करणार? (शेजारी बायको बसली होती. तिला विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं. म्हणूनच तिला कुणी विचारलं नाही.)

शेषेरावांचं चाकूरला बी-बियाण्याचं दुकान. मुलगी दीपमाला, तिची सोयरीक लातूरच्या शिवमशी जमलेली, साखरपुडा झालेला, लग्न वैशाखात. शिवमचे वडील व्यंकटराव फौजेतून निवृत्त झालेले. फौजेत त्यांनी साहेब लोकांच्या गोल्फच्या बॅगा उचलल्या आणि उचलता उचलता खेळ शिकले. लातूरच्या बाहेर त्यांचं एक माळरान आहे, तिथं तूर तर सोडाच, बाभळीही नाइलाजानं उगवतात. त्या माळावर त्यांनी पाच खड्डे केले, प्रत्येकाजवळ बायकोच्या जुन्या लुगड्याचा झेंडा लावला आणि खड्ड्याभोवती वाळू पसरून तिच्यावर गाडीचं जळकं ऑइल शिंपडलं. त्या काळ्याकुट्ट वाळूला ते "ग्रीन" म्हणतात. फौजी माणसाशी वाद कोण घालणार?

"मग येत्या रविवारी या," व्यंकटराव खूश होऊन म्हणाले. "इहीनबाईंनाबी आना. बायका लग्नाच्या जेवणाचं ठरवतील, आपुन खेळू. सेट घिऊनच या तुमचा."

सेट!

आता शेषेरावांची ख्याती ऐका. चाकूरच्या बाजारात या माणसाला आजवर कुणी फसवलेलं नाही. वांगी घेताना टोपल्यातलं प्रत्येक वांगं देठाकडून पाहणार. चप्पल घेतली तर तिला वाकवून, हुंगून, जमिनीवर आपटून मग पायात. पण स्वतःच्या दुकानात गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की हेच शेषेराव संत होतात. "मामा, पैशाकडं बगू नका, उगवणीकडं बगा! सस्तं बियाणं पेरून दुबार पेरणी करायची हाय का?" असं म्हणून महागाची पिशवी त्याच्या हातात देतात.

असा हा माणूस नांदेडला खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात शिरला. आदल्या रात्री मोबाईलवर गोल्फचे व्हिडिओ पाहून डोळे सुजलेले. दुकानात दोन सेट होते. दोन्ही एकाच कंपनीचे, दोन्हींचं लोखंड तेच, बॅगेचा रंगही तोच.

"ह्यो केवढ्याला?"

"पंचेचाळीस हजार."

"आन् ह्यो?"

"त्यो वीसला देऊन टाकतो काका. पण त्यो डावखुऱ्यांचा हाय. एका साहेबानं मागवला, आन् घ्यायच्या आधीच त्यांची बदली झाली. तुमी उजवे दिसता. तुमाला त्यो कामाचा न्हाई."

शेषेराव गालातल्या गालात हसले. स्वस्त मालात खोट काढायची आणि महागाचा माल गळ्यात मारायचा! ही विद्या ते स्वतः चाकूरच्या गादीवर बसून रोज शिकवू शकले असते.

"शेठ, मीबी दुकानदार हाय," ते म्हणाले. "कुऱ्हाडीला डावं-उजवं असतंय का?"

"न्हाई काका, पण..."

"टिकावाला?"

"नसतंय, पण ह्येचं तोंड..."

"तोंड कुणीकडं का असंना. मारायचं काम मान्साचं हाय का काठीचं? लोखंड तेच, कंपनी तीच. सतराला बांधा. आन् वर ती टोपी द्या."

दुकानदारानं त्यांच्याकडं पाहिलं, त्या सेटवरची धूळ पाहिली आणि घाईघाईनं बांधायला घेतलं. शेषेराव गावात पोचेपर्यंत एस.टी.तल्या निम्म्या प्रवाशांना कळलं होतं की नांदेडच्या दुकानदाराला आज कुणी लुटलं.

घरी चतुराबाईंनी बॅग पाहिली आणि एकच प्रश्न विचारला. "ह्ये कामून आनलं?"

चतुराबाई बोलायच्या कमी. त्यातून साखरपुड्यापासून त्या अधिकच गप्प होत्या. त्या दिवशी पंगतीत त्यांनी विहीणबाईंना, म्हणजे व्यंकटरावांच्या पंचफुलाबाईंना, बासुंदी वाढली. वाढली ती डाव्या हातानं. चतुराबाई जन्माच्या डावखुऱ्या. लोह्याकडच्या माहेरी ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून त्यांनी डाव्या हातानं गोफण फिरवली की पाखरं तालुका बदलायची. पण पंचफुलाबाई हळूच, म्हणजे सगळ्या पंगतीला ऐकू जाईल इतकंच हळू, म्हणाल्या, "आमच्यात डाव्या हातानं वाढलेलं घेत न्हाईत बाई."

घरी आल्यावर शेषेरावांनी फर्मान काढलं. "लगीन हुईस्तोवर त्यो हात पदराखाली ठेव. नाक कापू नको माझं."

तेव्हापासून तो हात पदराखाली आणि घरातली प्रत्येक गोष्ट उजव्या हातानं सांडलेली. (नाक शेषेरावांचं, हात चतुराबाईंचा. या जगात कुणाचं नाक वाचवायला कुणाचा हात बांधतात, ते पाहून ठेवावं.)

शनिवारी शेषेरावांनी अंगणात सराव मांडला. चूलही अंगणातच पेटली होती. लग्नाच्या कुरडयांसाठी चतुराबाई गव्हाचा चीक शिजवत होत्या. शेषेरावांनी मोबाईल तुळशीच्या कट्ट्यावर टेकवला, त्यातल्या खेळाडूसारखे पाय फाकवले, टोपी घातली, काठी धरली. काठीचं सपाट तोंड पलीकडं आणि फुगीर पाठ चेंडूकडं. नवीन टेक्निक असेल, म्हणून त्यांनी घुमवली.

चेंडू पुढं जायच्या ऐवजी बाजूला गेला, कंपाउंडच्या भिंतीवर आपटला, मागं आला आणि डुबुक्कन चिकात पडला.

चतुराबाईंनी पातेल्यात पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं.

"अवो, मी कुरडया करून राहिले का वडे?"

"वारं लागलं जरा."

"वारं? पानबी हालून न्हाई राहिलं. उलटी तर धरली न्हाई तुमी?"

"तुला काय कळतंय त्यातलं! त्येला फालो-थ्रू म्हन्तेत."

चतुराबाईंनी फर्मान विसरून डाव्या हातात झारा घेतला, चेंडू बाहेर काढला, पाण्यात बुचकळला आणि फेकला. तो नेमका टोपीच्या बिल्ल्यावर बसला. शेषेराव पुटपुटत आत गेले आणि सराव पुरेसा झाला असं त्यांनी जाहीर केलं.

रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत माळावर मंडळी जमली. झाडाखाली सतरंजी, पंचफुलाबाईंचा भाकरी-ठेच्याचा स्टीलचा डबा, चहाचा थर्मास. विहिणी बसल्या जेवणावळीचं ठरवायला. चतुराबाईंचा डावा हात पदराखाली, तोंडावर सोयरिकीचं हसू.

व्यंकटरावांनी पहिला फटका मारला. खट्! चेंडू सरळ गेला आणि पहिल्या लुगड्याजवळ जाऊन थांबला.

"या इवाई."

शेषेराव उभे राहिले. पहिल्या फटक्याला चेंडू जागचा हलला नाही.

"अंदाज घेऊन राहिलो," ते म्हणाले.

दुसऱ्या फटक्याला माळाचं एक ढेकूळ उडालं आणि त्यांच्याच टोपीवर पडलं. तिसऱ्याला मात्र चेंडू लागला. काठीच्या टोकाला लागून तो तिरपा मागं सुटला आणि ठणकन पंचफुलाबाईंच्या डब्यावर बसला. झाकण उडालं, ठेचा उडाला, पंचफुलाबाई उडाल्या.

"अगं बाई! ह्यो काय खेळ हाय का पाखरं मारायचं काम?"

व्यंकटराव पुढं आले. त्यांनी शेषेरावांच्या हातातली काठी घेतली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली, उन्हात धरून पाहिली. फौजी माणूस, शब्द गिळायची सवय नाही.

"इवाई, ही तर डाव्या हाताची हाय. बॅगेतल्या सगळ्याच डाव्या हायेत. कुणी फसवलं तुमाला?"

तो शब्द पडला मात्र, शेषेरावांच्या डोळ्यांपुढं अख्खी चाकूरची बाजारपेठ उभी राहिली. वांगीवाली हसत होती. चप्पलवाला हसत होता. नांदेडचा दुकानदार तर पोट धरून हसत होता. आणि व्याही! लग्नात शंभर माणसांत हा फौजी हीच गोष्ट कडक आवाजात सांगणार. शेषेरावांना घाम फुटला आणि घामाबरोबर तोंडातून वाक्यही फुटलं.

"फसवतंय कोन? मुद्दामच आनल्या डाव्या. मी कुठं खेळतो? आमच्या घरात ह्या खेळतेत."

आणि त्यांनी बोट केलं ते थेट चतुराबाईंकडं.

चतुराबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ "घरी चला" असा होता. एका वाक्यात त्या त्याला तिथल्या तिथं झोपवू शकल्या असत्या. पण बायको नवऱ्याची चामडी घरी सोलते, चारचौघांत शिवून घेते. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, म्हणूनच टिकलीय.

"इहीनबाई खेळतेत?" पंचफुलाबाईंनी लुगड्यावरचा ठेचा झटकत विचारलं. "डाव्या हातानं?"

झालं. पुन्हा तोच हात, पुन्हा तोच सूर. शेषेरावांनी डोळे मिटले. एकीकडं नाक वाचवायला गेले आणि दुसरीकडून सोयरीकच हातची जाते की काय, असं त्यांना वाटलं.

चतुराबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला. डावा हात बाहेर आला.

"हाव, डाव्याच हातानं. देवानं दिलेला हाय. परत न्यायला आला न्हाई अजून."

त्यांनी काठी घेतली आणि व्यंकटराव फटक्याला जसे उभे होते तशा, पण आरशातल्यासारख्या, उभ्या राहिल्या. पहिल्यांदा काठीनं नुसता वारा कापला. शेषेरावांनी एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

"गोफणीचाबी पैला फेरा रिकामाच असतोय," चतुराबाई म्हणाल्या. आणि त्यांनी दुसऱ्यांदा काठी घुमवली.

खट्!

चेंडू उठला. पहिल्या लुगड्यावरून गेला, दुसऱ्या लुगड्यावरून गेला, माळाच्या कडेच्या बाभळीत शिरला आणि तिथली सगळी साळुंकी मंडळी ओरडत लातूरच्या दिशेनं निघून गेली.

व्यंकटरावांनी टोपी काढली. "इहीनबाई, फौजेत एक डावखुरे कर्नल साहेब व्हते. त्येंच्यानंतर असा फटका आज बगितला."

पंचफुलाबाई हळूहळू चतुराबाईंजवळ गेल्या, काठी हातात घेतली. घेतली ती डाव्या हातात. मग कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "मीबी डावरीच व्हते. मायनं चुलीतल्या लाकडाचा चटका दिला, तवा उजवी झाले. कसं धरायचं ते दावा की मला."

"असं धरा," चतुराबाई म्हणाल्या. "आन् मारताना मनात कुनाला तरी आना. म्हंजे बराबर लागतंय."

दोघींनी एकदम शेषेरावांकडं पाहिलं.

त्या दिवशी जेवणावळीचं काहीच ठरलं नाही. पुढं लग्न झालं, झोकात झालं. पंगतीत चतुराबाईंनी डाव्या हातानं बासुंदी वाढली आणि विहीणबाईंनी दोनदा मागून घेतली. आता दर रविवारी दोन्ही विहिणी माळावर एकाच सेटवर खेळतात. शेषेराव दुकानात गिऱ्हाइकांना सांगतात, "मामा, किंमत तर सगळेच बगतेत. मी घेतानाच कामगिरी बगितली व्हती." ऐकणारे माना डोलावतात, कारण त्यांना बियाणं उधारीवर पाहिजे असतं.

आणि रविवारी? रविवारी शेषेराव बॅग उचलतात. व्यंकटराव त्यांना धीर देतात, "उचला इवाई, उचला. मीबी असाच शिकलो." परवा उन्हानं बेजार झालेले शेषेराव उजव्या खांद्यावर बॅग सावरत पुढं आले आणि त्यांनी मोकळ्या डाव्या हातानं बायकोपुढं काठी धरली.

चतुराबाईंनी हात मागं घेतला.

"अवो, उजव्या हातानं द्या," त्या म्हणाल्या. "चारचौघांत बरं दिसत न्हाई."