ढोलातली उशी

"माझ्या ढोलातली उशी कुठंय?" शनिवारी सकाळी लिओटिसनं विचारलं, तेव्हा त्याची बायको अर्लीन मासे तळत होती.

"ती कळकट उशी? चर्चला दिली. मदर ड्रुसिलांना पुढच्या बाकावर बसवत नव्हतं, पाठ धरते त्यांची. चांगली धुतली, नवा अभ्रा शिवला नि दिली. आशीर्वाद मिळाला तर अर्धा तुझा."

लिओटिस मटकन खुर्चीत बसला. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात रेडिओ लावला की दर दोन गाण्यांआड त्याचा ड्रमवरचा ठेका ऐकू यायचा, पण रेकॉर्डवर नाव असायचं गाणाऱ्याचं. रात्री क्लबात तो जॅझ वाजवायचा ते जिवासाठी, दिवसा स्टुडिओत नाचायची 'सोल' गाणी वाजवायचा ते घरासाठी. स्टुडिओत त्याची ओळख एकच, पायानं वाजवायच्या मोठ्या ढोलाचा तो 'धप्प'. घुमतही नाही आणि कोरडाही पडत नाही असा. ढोलाच्या पोटात ती उशी कोंबली की तो यायचा.

"घरात काय उशांचा दुष्काळ पडलाय? दुसरी ने की," अर्लीन म्हणाली.

त्यानं नेली. काचेपलीकडे बसलेल्या स्टेगॉलनं, म्हणजे स्टुडिओच्या मालकानं, तोंड वाकडं केलं. "लिओटिस, दार काय ठोठावतोयस?" मग घोंगडी कोंबली. "आता गादीवर कुणीतरी पडलं." मग बेस वाजवणाऱ्या हर्शेलचा कोट कोंबला. त्यानं 'धप्प' काही आला नाही, पण खिशातल्या मक्याच्या पावाचा मात्र भुगा झाला.

"जेवून येईपर्यंत मला माझा आवाज पाहिजे," स्टेगॉल म्हणाला. "नाहीतर सेंट लुईसच्या त्या नव्या ड्रमरला बोलावतो. त्याला म्हणे उशी लागत नाही."

लिओटिस तडक चर्चमध्ये गेला. पहिल्या बाकावर, पांढरी हॅट घालून, मदर ड्रुसिला रविवारच्या गाण्यांची तालीम ऐकत बसल्या होत्या. त्या साऱ्या चर्चच्या मदर, म्हणजे सगळ्यांनी मानलेल्या वडीलधाऱ्या होत्या, आणि चर्चबाहेरचं गाणं म्हणजे सैतानाचं, हे त्यांचं मत साऱ्या चर्चला पाठ होतं.

"मदर, ती उशी जरा आज दुपारपुरती द्याल का?"

"कशाला?"

खोटं बोलावं तर जागा चर्चची. "ढोलात घालायला. मुळात ती ढोलातलीच आहे."

"नाचगाण्याच्या?" मदर उठता उठता थांबल्या. "आणि मी इथं कालपासून देवाचे आभार मानतेय, पाठदुखी थांबली म्हणून!"

"सैतानाची उशी कशाला ठेवता मग? द्या की."

"अरे वा, शहाणा! उशी सैतानाची असेल, पाठ माझी आहे." त्यांनी उशी काखोटीला मारली. "चल. जिथं उशी, तिथं मी. तुझं वाजवून झालं की परत घेणार."

स्टुडिओत मदर लाकडी खुर्चीवर ताठ बसल्या, पर्स मांडीवर, ओठ शिवल्यासारखे. उशी ढोलात गेली, लिओटिसनं पाय मारला. धप्प! काचेपलीकडे स्टेगॉल उभाच राहिला. गाणं सुरू झालं.

पहिल्या कडव्याला मदरची टाच हलली. दुसऱ्याला पर्स खाली गेली. तिसऱ्याला टाळी आली, दुसऱ्या नि चौथ्या मात्रेवर, खिळा ठोकावा तशी. शेवटी सगळी वाद्यं क्षणभर थांबली, तेवढ्यात मदर ओरडल्या, "खरंय रे देवा!"

स्टेगॉल बाहेर आला. लिओटिसनं डोळे मिटले. गेली नोकरी.

"टाळी कुणी वाजवली?"

"मी," मदर म्हणाल्या. "हा बाबा ठेक्याच्या मागं मागं रेंगाळतोय. कुणी हात द्यायला नको?"

स्टेगॉलनं टेप पुन्हा ऐकली, मग पुन्हा एकदा ऐकली. "राहू दे," एवढंच म्हणाला. लिओटिसनं मदरना उशीसकट घरी सोडलं.

गाणं रेडिओवर लागायला लागलं, आणि एका सकाळी फोन वाजला. अर्लीननं घेतला.

"स्टुडिओतून होता. सोमवारी टाळीसाठी मदर ड्रुसिलांना बोलावलंय. गाडी पाठवतायत."

"आणि मला?" लिओटिसचा घास हातातच राहिला.

"तुलाही. येताना मदरकडून ती उशी आठवणीनं घेऊन ये म्हणाले."

लिओटिसनं घास तोंडात टाकला. "म्हणजे माझ्या 'धप्प'शिवाय त्यांचं अडतंच!"

"ढोलासाठी नव्हे रे," अर्लीन म्हणाली. "मदरना तिथली खुर्ची टोचते."

"मग ढोलात काय घालू?"

"हर्शेलला कोट घालून यायला सांगितलंय. खिसे रिकामे करून."