साध्या पाण्याची पेटी

माणसानं आजवर लावलेल्या शोधांमधला सर्वांत स्वस्त शोध आमच्या पांढुर्ण्यात, आमच्याच ओसरीवर लागला: साध्या पाण्यानं संत्र्याची बुरशी मरते. हा शोध बुधवारी जाहीर झाला आणि गुरुवारी चहाच्या वेळेपर्यंत टिकला. मधल्या काळात माझी छाती किती फुगली होती ते विचारू नका. सदऱ्याची दोन बटणं अजून सापडलेली नाहीत.

प्रयोग खरं तर आमच्या सुनेचा, दिपालीचा. लग्नामुळे तिचं एम.एस्सी. अर्धवट राहिलं होतं. यंदा तिच्या करुणा मॅडमनी धडपड करून तिला पुन्हा कॉलेजात बसवलं. विषय सूक्ष्मजीवशास्त्र, म्हणजे जे नजरेला पडत नाही त्याचा अभ्यास. आमचा मुलगा वैभव नागपूरला नोकरीला, शनिवार-रविवारपुरता उगवतो; तेव्हा तिला सवय होतीच, असं मी म्हणतो. हा विनोद घरात कोणालाच आवडत नाही.

तिचं काम असं, की झाडपाल्याचे अर्क काढायचे आणि कोणता अर्क बुरशीला नि जिवाणूंना रोखतो ते पाहायचं. कॉलेजातल्या काचेच्या बशांमध्ये ते झालं होतं. बशीभर बुरशी माजलेली आणि अर्काच्या थेंबाभोवती तेवढं मोकळं वर्तुळ. वर्तुळ जितकं मोठं तितका अर्क दमदार. निरगुडीचं वर्तुळ रुपयाएवढं आलं तेव्हा तिनं मोबाइलवर फोटो दाखवला, नातवाचा दाखवावा तसा. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्या फोटोवरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

आता तेच खऱ्या संत्र्यांवर करून पाहायचं होतं. नेमकी दिवाळीची सुट्टी लागली, कॉलेजला कुलूप पडलं आणि प्रयोग आमच्या ओसरीवर आला. प्रत्येक संत्र्याला सुईनं टोचून तिनं त्यात बुरशी सोडली. मग एक पेटी कडुनिंबाच्या अर्कात बुचकळली, एक निरगुडीच्या, एक संत्र्याच्याच सालीच्या आणि चौथी नुसत्या पाण्यात. पेटी ओळखू यावी म्हणून दर संत्र्याला स्केचपेनची टिकली लावली. पाण्याच्या पेटीला निळी.

नंतर तिनं आम्हाला तिघांना समोर बसवलं. तिघं म्हणजे मी, सुनंदा आणि शेजारचे नत्थूजी. नत्थूजींचा जन्म संत्र्याच्या मंडीत गेला आणि सकाळचा चहा आमच्याकडे जातो.

"मामाजी, पाण्याची पेटी सडलीच पाहिजे," दिपाली मला म्हणाली. "थे सडली तरच बाकीच्या अर्कानं टिकल्या असं म्हणता येते. गुरुवारी मॅडम स्वतः पाहाले येऊन राहिल्या. पाण्याची पेटी चांगली निघाली तर माह्यं वरीस गेलं समजा."

आम्ही तिघांनीही मान हलवली. आम्हाला सगळं समजलं होतं.

पण समजणं हे डोक्याचं काम. पांढुर्ण्याच्या माणसाचा हात डोक्याला विचारून चालत नाही. ढिगाजवळून जाताना सडकं संत्रं दिसलं की हात जातो, उचलतो आणि फेकतो. कारण एक सडकं शेजारची दहा घेऊन जातं, हे आम्हाला पाळण्यात कळतं. मी एका लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, नवरदेवाला टोपलीतलं सडकं संत्रं उचलून मांडवाबाहेर फेकताना पाहिलं आहे. मुलीकडच्यांनी तिथंच मान डोलावली, की मुलगा घर सांभाळणारा आहे.

तर सोमवारी मी अंघोळ करून ओसरीवरून येत होतो. पाण्याच्या पेटीत एका संत्र्यावर हिरवट पांढरा गोल उमटला होता. पुढचं मला नीटसं आठवत नाही. भानावर आलो तेव्हा ते संत्रं मागच्या उकिरड्यात पडलं होतं आणि त्याच्या जागी आपल्या वाडीतलं एक टणक, चकचकीत संत्रं मी ठेवत होतो. सुनेच्या मालात तूट नको! स्केचपेन तिथंच पडलं होतं, म्हणून निळी टिकलीही लावली. एकच तर होतं. एका संत्र्यानं विज्ञानाचं काय वाकडं होणार?

बुधवारी पाण्याची पेटी नव्या नवरीसारखी झळकत होती. एक डाग नाही. तशा चारही पेट्या झळकत होत्या, पण बाकीच्यांना निदान औषध तरी दिलं होतं. दिपाली पेटीपुढं उकिडवी बसली ती बसूनच राहिली. तिला वाटलं, तिनं वाढवलेली बुरशीच मेलेली होती. आपल्याला मुळात हे काम येतच नाही. मॅडमनी उगाच आपल्यासाठी शब्द टाकला.

मला मात्र वेगळाच साक्षात्कार झाला. मी काढलं होतं एक. बाकीची आपोआप टिकली, म्हणजे हा पाण्याचाच गुण! मी तसं जाहीर केलं. दिपाली क्षीण आवाजात म्हणाली, की पाण्यानं बुरशी मरत नसते. मी म्हणालो, आपल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तिथं बुरशीची काय कथा! नत्थूजींनी ताबडतोब माझी बाजू घेतली. इतकी ताबडतोब, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुपारपर्यंत ही बातमी नत्थूजींनी मंडीत पोचवली. संध्याकाळी तिगावचा एक बागाइतदार मोटरसायकलला दोन कॅन बांधून आमच्या दारात हजर. मी मोठ्या मनानं दोन्ही भरून दिले आणि संत्र्यांवर कसं शिंपडायचं तेही सांगितलं.

आत दिपाली मेथी निवडत होती. पानं टाकत होती आणि काड्या ठेवत होती. सुनंदा तिच्याजवळ बसली आणि टाकलेली पानं एकेक करून परत उचलू लागली. ते पाहून माझी छाती जरा खाली आली, पण शोध मोठा होता.

गुरुवारी करुणा मॅडम स्कूटीवरून आल्या. चहा बाजूला ठेवून त्या थेट पेट्यांकडे गेल्या. पाण्याच्या पेटीतलं एक संत्रं त्यांनी भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिलं. मग दुसरं. मग तिसरं.

"दिपाली, टिकली आहे. पण सुईचं छिद्र नाही."

"टोचलं होतं मॅडम," दिपाली म्हणाली. "एकेकाला टोचलं होतं."

मॅडमनी चौथं संत्रं पाहून खाली ठेवलं आणि चष्मा काढला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांना नुसतं वाईट वाटलं होतं. जिच्यासाठी आपण शब्द टाकला तिनं संत्री बदलून आपल्यापुढं मांडली, असं त्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि ते दिपालीनंही वाचलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मी माझा शोध गिळला.

"मॅडम," मी म्हणालो, "त्यातलं एक मी बदललं."

"एक काहून?" स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदा म्हणाली. "मी तर रोज सकाळी झाडतानी सडके काढून चांगले ठेवत होती. मॅडम घरी येऊन राहिल्या, आन ओसरीवर सडके संत्रे? लोक काय म्हणतीन?"

"आणि टिकली?" मॅडमनी विचारलं.

"लावली ना. बिनटिकलीचं बोडखं दिसे."

नत्थूजींनी कप खाली ठेवला. चहा पिता पिता आपलाही हात जात होता, असं त्यांनी अंगणाकडे पाहत सांगितलं. किती, ते मोजलं नव्हतं. चहा मोठा असला की जास्त.

मॅडम आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. बुरशीच्या नव्या जाती पाहाव्यात तशा. मग त्यांनी विचारलं, "काढलेली कुठं आहेत?"

सगळी वरात मागच्या उकिरड्याकडे गेली. मॅडमनी पदर नाकाला लावला, निऱ्या वर खोचल्या आणि काडीनं ढीग उकरायला घेतला. शेजारी दिपाली. संत्री वर येऊ लागली: हिरवी, फुललेली, बसकी, आणि दरेकाची सड नेमकी सुईच्या छिद्रापासून निघालेली. निळी टिकली. निळी. पुन्हा निळी. मध्येच एखाद-दुसरी कडुनिंबाची, चार-सहा सालीच्या अर्काची. निरगुडीचं, सगळा ढीग उपसला तरी, एकच.

"बघ गं," मॅडम म्हणाल्या, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा हसल्या. "तुझी बुरशी चांगली जिवंत आहे. आणि तुझी निरगुडी तिला पुरून उरली."

दिपाली उकिरड्यावर बसल्या बसल्या रडली. मग हसली. मग पुन्हा रडली. हाताला सड लागली होती म्हणून डोळे सुनंदानं पुसले.

उकिरड्यावरचा निकाल प्रबंधात लिहिता येत नाही, प्रयोग पुन्हा करावा लागेल, असं मॅडमनी बजावलं. पण महिनाअखेरपर्यंत मुदतही दिली. जाताना दिपालीच्या पाठीवर कोपरानं थोपटलं, कारण हात त्यांचेही बरबटले होते.

मी तिगावला फोन करून पाण्याचा शोध मागे घेतला. पण तो बागाइतदार ऐकेचना. म्हणाला, पाणी जोरदार आहे, एक संत्रं सडलं नाही. दोन-चार सडली होती, ती तेवढी काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी दिपालीनं नव्या पेट्या मांडल्या. मी उभा राहून छोटंसं भाषण केलं. म्हणालो, झालं ते झालं, आता या पेट्यांची राखण मी स्वतः करणार. बाज ओसरीवर टाकणार. विज्ञान आणि सडकं संत्रं यांच्या मध्ये कोणी आलं तर गाठ माझ्याशी आहे. सुनंदानं आणि नत्थूजींनीही साथ द्यायचं कबूल केलं.

दिपालीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आमच्यापुढं चहा ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि फार मायेनं म्हणाली,

"मामाजी, तुमी आठ दिवस मोहगावले, देवका आत्याकडे, राहून येता का? आईले आन नत्थूजी काकालेही घेऊन जा."