चंद्रभानच्या फियाटीचं फाउंडेशन

जगात कोणत्याही गोष्टीचा जोर वाढला की सर्वांत आधी तिचं बूड हलायला लागतं. नव्या सरपंचाचं हे होतं, नव्या जावयाचं होतं आणि इंजिनाचंही होतं. पहिल्या दोघांवर अजून उपाय सापडलेला नाही. इंजिनापुरती मात्र शास्त्राने सोय केली आहे. इंजिन आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये रबराचे जाड ठोकळे बसवतात. मिस्त्री लोक त्यांना फाउंडेशन म्हणतात. इंजिनाने थरथरावं, रबराने ते सोसावं आणि सीटवरच्या माणसाला काही कळू नये, अशी ही व्यवस्था आहे. (बऱ्याच घरांतही ती असते, तिथे रबराला वेगळं नाव असतं.)

पालमच्या चंद्रभानला हे ज्ञान अठ्ठ्याऐंशी साली झालं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्याचं त्याचं दुकान होतं आणि दारात चौदा वर्षांची फियाट होती. तिच्यावर त्याचा जीव होता. पण त्या वर्षी त्याचा मेव्हणा, पेडगावच्या सरपंचकीवर डोळा असलेला भगवानराव, कोरी मारुती घेऊन एका लग्नाला आला आणि चारचौघांत म्हणाला, "दाजी, तुमच्या गाडीला आता पेन्शन द्या."

लोक हसले. चंद्रभानही हसला. घरी आल्यावर मात्र तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने फियाट सटवाजी मिस्त्रीच्या स्वाधीन केली. सटवाजीने चार महिन्यांत इंजिनाच्या सिलिंडरचं भोक, म्हणजे बोअर, वाढवलं, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले आणि सायलेन्सर असा काढला की गाडी सुरू झाली की ग्रामपंचायतीतले झोपलेले लोक जागे होत. (हा उपयोग कोणाच्या लक्षात आला नाही.) तालुक्यात एवढ्या जोराची गाडी दुसरी नव्हती. अडचण एकच होती. ॲक्सिलेटर दाबला की इंजिन पुढच्या बाजूने उठायचं आणि बॉनेटला आतून ठोसे मारायचं. आत कोणाला तरी कोंडलंय आणि तो दार वाजवायलाय, असं बघणाऱ्याला वाटे. आठ दिवसांत कंपनीची फाउंडेशनं फाटली. नवी घातली, तीही फाटली.

"कंपनीचं रबर ह्या इंजिनाला पुरायचं न्हाई," सटवाजी म्हणाला. "बाजारातलं बघावं लागंल."

तो परभणीहून चार नमुने घेऊन आला: मऊ, मध्यम, हार्ड आणि डबल हार्ड. एवढा गंभीर निर्णय एकट्या माणसाने घेणं योग्य नव्हे, म्हणून माणिकरावाच्या हॉटेलात नऊ जणांची समिती आपोआप तयार झाली. अध्यक्ष निवृत्त मुंजाजी गुरुजी. नऊपैकी सात जण आयुष्यात कधी गाडीखाली गेलेले नव्हते. एक जण गेला होता, पण स्वखुशीने नव्हे. नववे गृहस्थ भज्यांसाठी आले होते.

नमुन्यांची तपासणी कसून झाली. प्रत्येक ठोकळा अंगठ्याने दाबून पाहिला, नाकाशी धरला, फरशीवर आपटला. गृहस्थ क्रमांक नऊ यांनी मध्यम नमुना दाताने चावूनही पाहिला. तो बशीशेजारी ठेवलेला होता, त्यामुळे ही चाचणी हेतुपुरस्सर होती की कसं, याबद्दल दुमत आहे.

"मालक, मधलं घ्या," सटवाजी म्हणाला. "लय कडक घेतलं तर इंजिन हलायचं न्हाई, पण सगळे हादरे तुमच्या बुडाला बसतेल."

सटवाजीचा या धंद्याशी थेट संबंध असल्यामुळे त्याचं मत निष्पक्ष धरता येत नव्हतं. ते बाजूला ठेवण्यात आलं.

मुंजाजी गुरुजींनी खुलासा केला की मऊपणापायी मोठमोठी राज्यं बुडाली. निजामाच्या गादीखाली कापूस होता. मग काय झालं? हा दाखला ऐकून सभा सुन्न झाली. डबल हार्ड नमुना नऊ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. त्यावर सिंहाचा छाप होता आणि हातोडी मारली तर हातोडी परत येत होती. ते रबर आहे, हे दुकानदाराच्या शब्दावर मानायचं.

घरी चंद्रभानची बायको कमलबाई भाकरी थापत होती. तिने सगळा वृत्तांत ऐकला आणि एकच विचारलं, "त्या गाडीत बसणार कोन?"

प्रश्न तांत्रिक नसल्यामुळे त्याची नोंद घेतली गेली नाही.

डबल हार्ड बसल्यावर इंजिन खरोखरच तसूभरही हलेना. बाकी सगळं हलू लागलं. आरशात मागून येणारी एक म्हैस सात दिसे. काचा आपण होऊन खाली जात, आणि डिकीतला जॅक पुढच्या सीटखाली सापडे. वेग किती वाढला हे मोजता आलं नाही, कारण काटा शून्य आणि एकशेवीस यांच्यामध्ये पिसाळल्यासारखा फिरत होता. सरासरी साठ धरण्यात आली. गुरुजी गंगाखेडपर्यंत जाऊन आले आणि उतरून बराच वेळ खांबाला धरून उभे राहिले. "क्या बात है," एवढंच ते म्हणाले. तेही तीन तुकड्यांत.

"जोर हाय, जोर!" चंद्रभान सर्वांना सांगे. त्याच्या दाढा दुखत होत्या, पाठीचा एकेक मणका वेगळा मोजता येत होता आणि दुकानात बसताना तो आता दोन उशा घेत होता. पण ज्या गोष्टीसाठी माणूस हट्ट धरतो, तिचा त्रास होतो हे सांगायची सोय नसते.

अशात त्याची सासू केशरबाई लेकीकडे आली असता तिच्या कमरेत कळ उठली. मुतखडा जुनाच होता. परभणीच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं, ऑपरेशन करावं लागेल. म्हातारीला मागच्या सीटवर बसवलं, शेजारी कमलबाई बसली आणि गाडी निघाली.

गंगाखेड मागे पडेपर्यंत केशरबाईने सर्व देवांची नावं घेतली. पुढे ती जावयाचं नाव घेऊ लागली. "जावईबापू, गाडी हाय का चाळन? माजी हाडं मोकळी व्हायलीत!" आणखी थोडं गेल्यावर तिने गाडी थांबवायला लावली आणि ती कमलबाईच्या आधाराने बाभळीमागे गेली. परत आली ती आधाराशिवाय, ताठ, पदर खोचून.

"चला माघारी," ती म्हणाली. "गेला मेला."

चंद्रभानचा विश्वास बसेना. तो तिला तसाच परभणीला घेऊन गेला. डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला, दोनदा उजेडात धरला आणि विचारलं, "कोणतं औषध घेतलं?"

"डबल हार्ड," केशरबाई म्हणाली.

ही वार्ता चुडाव्यापर्यंत पसरायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी दारात अकरा माणसं कमरेवर हात ठेवून उभी होती. आमच्याकडच्या विहिरींच्या पाण्यात चुना भरपूर, त्यामुळे रुग्णांचा तुटवडा पडला नाही. समितीने (तीच, नऊ जणांची) उपचारपद्धती ठरवून दिली: रुग्णाने उपाशीपोटी दोन तांबे पाणी पिऊन यावं, मागच्या सीटवर दुखऱ्या अंगाला टेकून बसावं, चालकाशी बोलू नये (बोललेलं कळतही नव्हतं). पहिल्या दोन महिन्यांत त्रेचाळीस रुग्णांवर उपचार झाले. त्यांपैकी सव्वीस जणांचे खडे पडले, नऊ जणांचे जागचे हलले, सहा जणांना मुळात खडा नव्हता, तरी त्यांना बरं वाटलं. उरलेल्या दोघांना फक्त गंगाखेडला जायचं होतं.

चंद्रभानचा मात्र घात झाला. सर्वांत चांगले हादरे दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी वीसच्या वेगाला बसतात, असा शोध गुरुजींनी लावला. त्यामुळे तालुक्यातली सर्वांत जोराची गाडी आता बैलगाड्यांच्या मागून जाऊ लागली. बैलगाडीवाले मागे वळून म्हणत, "या, या पुढं, पेशंट हाय काय?" त्याने एकदा तिसरा गिअर टाकला, तर मागून नर्मदाबाई नावाच्या रुग्णाने खांद्यावर चापट मारली.

एका दुपारी तो उंबऱ्यावर टेकला आणि त्याला उठताच येईना. कमलबाईने पाठीला तेल चोळायला घेतलं.

"कमल," तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मला लय तरास व्हायलाय."

"मला म्हाईत हाय."

"मंग बोलली न्हाईस ते?"

"बोलले की. तुमी समितीला इचारायला गेलात."

दुसऱ्याच दिवशी त्याने समितीला न विचारता सटवाजीकडून मध्यम फाउंडेशनं बसवून घेतली. (एकावर दाताचे व्रण होते, काम चालून गेलं.) गावात खळबळ उडाली. तहसीलदारांना निवेदन गेलं. 'जनतेचे हादरे परत द्या' असा फळा चौकात लागला आणि गुरुजींनी अर्धा दिवस उपोषण केलं. चंद्रभान शेजारी कमलबाईला बसवून निघाला तो थेट पेडगावच्या रस्त्याला लागला. गाडी पाण्यावरून जावी तशी चालली होती. काटा एका जागी स्थिर होता, आणि ती जागा नव्वदची होती. कमलबाई चक्क गुणगुणत होती. चंद्रभानला गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज ऐकू आला.

भगवानरावाच्या दारात मारुती उभी होती. तिच्याशेजारी त्याने ब्रेक मारला. आता हा काय बोलतो, हे ऐकायला त्याचे कान आसुसले होते.

भगवानराव बाहेर आला तो वाकलेला, घामाघूम, एक हात कमरेवर. त्याने फियाटचा आवाज ऐकला आणि त्याचा चेहरा पडला.

"दाजी, हे काय केलं? गाडी हालंना की! म्या आठ दिवस झाले तुमची वाट बघायलोय!"

चंद्रभानने त्याच्याकडे पाहिलं, मग कोऱ्या मारुतीकडे पाहिलं. त्याच्या मनात त्या क्षणी जे आलं, त्याला करुणा म्हणावं लागेल, कारण परिणाम तोच झाला.

"घाबरू नका, पाव्हणं," तो प्रेमाने म्हणाला. "डबल हार्ड मिस्त्रीकडं तसंच पडून हाय. तुमच्याच गाडीला बसवू."

मारुतीला ते बसत नव्हतं. सटवाजीने बसवलं. भगवानरावाचा खडा तिसऱ्या दिवशी पडला आणि मारुतीचा मागचा बंपर चौथ्या. तोवर पेडगावात रांग लागली होती आणि जुन्या आजाऱ्यांना नाही म्हणणं सरपंचकीला उभं राहणाऱ्या माणसाला परवडत नाही. ती मारुती पुढे कित्येक वर्षं दुसऱ्या गिअरमध्ये फिरत होती. फियाट तिला रोज ओलांडून जाई आणि चंद्रभान न चुकता हात दाखवी.

शिकलेले वाचक या भोळ्या लोकांना हसतील, आणि त्यांनी हसावंच. फक्त हे वाचता वाचता ज्यांचा हात नकळत कमरेकडे गेला आणि ज्यांच्या मनात 'ती मारुती आता कोणाकडे असते' असा प्रश्न येऊन गेला, त्यांनी उगाच पत्ता शोधत बसू नये. सकाळी उपाशीपोटी दोन तांबे पाणी पिऊन पेडगावच्या फाट्यावर उभं राहावं. ओळखीची बरीच शिकलेली मंडळी तिथे भेटतील.